बाल संगोपन योजना: नात्यातल्या घरांना काय मिळतं आणि काय मिळत नाही

आई-वडील दोघंही गेले, किंवा एक गेला आणि दुसऱ्याने संसार मोडला, की मूल सहसा आजीकडे, मामाकडे नाहीतर आत्याकडे येतं. अशा घरांसाठी महाराष्ट्रात सगळ्यात हाताशी असलेली मदत म्हणजे महिला व बाल विकास विभागाची बाल संगोपन योजना. आता तिचं पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना असं आहे. मुलामागे दरमहा 2250 रुपये, वयाची 18 वर्षं पूर्ण होईपर्यंत. 2023 आधी हीच रक्कम 1100 होती. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात करायचा, त्याला फी नाही, आणि मंजुरी बाल कल्याण समिती, म्हणजे आधार नसलेल्या मुलांच्या सांभाळाबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती, देते.

योजना घ्यावीच, यात शंका नाही. वही-पुस्तकं, दूध, एसटीचा पास एवढं तरी त्यातून निघतं. पण मुलाच्या मनाला आणि त्याला सांभाळणाऱ्या माणसाला आधार देणं हे या योजनेचं निम्मं काम असायला हवं होतं, आणि ते तिथे जवळजवळ नाही. ते आपल्याला बाहेरून जोडून घ्यावं लागतं.

आधी कागद. मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार कार्ड, रेशन कार्ड, तहसीलदाराचा उत्पन्न दाखला, पालकाचा मृत्यू दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँकेचं पासबुक, आणि घरासमोर मुलासोबत काढलेला फोटो. अर्ज अडतो तो बहुतेक नावामुळे. आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, मृत्यू दाखल्यावर तिसरं. हे आधी जुळवून घ्या. दुसरी अडचण बँकेची. खातं आधारशी जोडलेलं नसेल किंवा व्यवहार नसल्यामुळे बंद पडलं असेल तर मंजुरी मिळूनही पैसे जमा होत नाहीत. अर्ज देतानाच आणखी एक प्रश्न विचारा: मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतलं प्रायोजकत्व, म्हणजे मुलाच्या खर्चासाठीची मासिक मदत, आपल्याला बसतं का? त्यात दरमहा 4000 रुपये आहेत, मात्र कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात 72,000 आणि शहरात 96,000 च्या आत लागतं. दोन्हींपैकी कोणती आपल्याला योग्य ते कार्यालयाकडून नीट समजून घेऊनच फॉर्म भरा.

समितीसमोर मुलाला न्यावं लागतं, आणि इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. अनेक जिल्ह्यांत समितीची बैठक बालगृहाच्या किंवा निरीक्षणगृहाच्या आवारात असते. उंच भिंत, फाटक, आत रांगेत बसलेली मुलं. ज्याने आधीच एक घर गमावलंय त्याला वाटतं, मला इथे सोडायला आणलंय. त्यानंतर आठवडाभर झोप नाही, आजीचा पदर सुटत नाही, आणि घरच्यांना कारण कळत नाही. म्हणून आदल्या दिवशी सरळ भाषेत सांगा: उद्या साहेब आणि मॅडम तुला चार प्रश्न विचारतील, मी बाहेरच असेन, आणि संध्याकाळच्या गाडीने आपण दोघं घरी येणार आहोत. आदेशाची प्रत मिळाली की चार झेरॉक्स काढून ठेवा. शाळेत किंवा दवाखान्यात "तुम्ही मुलाचे कोण?" असं विचारलं की हाच कागद दाखवायचा.

पैसे दरमहा ठरल्या तारखेला येत नाहीत, काही महिन्यांचे एकदम जमा होतात. हा त्रास फक्त हिशेबाचा नाही. "तुझे पैसे अजून आले नाहीत" हे वाक्य घरात दोनदा बोललं गेलं की मूल ते मनात धरून ठेवतं. मग सहलीचा फॉर्म घरी आणत नाही, चप्पल तुटली तरी सांगत नाही, दुसरी पोळी मागत नाही. लोक त्याला समजूतदार म्हणतात. तो समजूतदारपणा नसतो, ओझं होण्याची भीती असते. या रकमेचा विषय मुलासमोर काढूच नका, आणि घरखर्च तिच्या भरवशावर बेतू नका.

आता गृहभेटीबद्दल. योजनेत सामाजिक कार्यकर्त्याने घरी येऊन अहवाल द्यायचा असतो. सगळ्या योजनेत माणूस माणसाला भेटतो ती हीच जागा, म्हणून आमच्या मते तीच सगळ्यात मोलाची. पण भेट बहुधा कागद आणि फोटोवरच संपते. सांभाळणाऱ्याने ती तिथेच संपू देऊ नये. मुलाची झोप कशी आहे, शाळेत किती दिवस गैरहजर होता, जेवण कसं आहे, चिडतो का, हे महिन्याला चार ओळींत वहीत लिहून ठेवा आणि भेटीच्या वेळी वाचून दाखवा. "समुपदेशनाची गरज आहे, अहवालात तसं लिहा" असं स्पष्ट म्हणा. तोंडी सांगितलेलं विरून जातं, अहवालात आलेल्या गोष्टीवर समितीला पुढे विचारणा करता येते. कार्यकर्ता मुलाशी पाच मिनिटं एकट्याने बोलला तर अपमान वाटून घेऊ नका. ते बरंच आहे.

कशाची काळजी करावी? सुरुवातीचे काही महिने अंथरूण ओलं होणं, उशीखाली बिस्किटं किंवा पोळी लपवणं, लहान मुलासारखं बोलणं, हे धक्का बसलेल्या मुलात दिसतं. त्यावर मार नको, लाज काढणं नको. पोळी लपवणाऱ्या मुलाला एक डबा द्या, त्याच्या नावाचा, त्याच्या हाताला येईल असा, रोज भरलेला. अन्न संपत नाही याची खात्री पटली की लपवणं हळूहळू कमी होतं. पण उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट न काढणं (हातावर स्वतः केलेल्या जखमा झाकलेल्या असू शकतात), आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं म्हणणं, यांपैकी काहीही दिसलं तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी 14416 वर फोन करा.

14416 म्हणजे टेली-मानस, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली केंद्र सरकारची मोफत सेवा, चोवीस तास. मराठीत बोलता येतं. मूल फोनवर यायला तयार नसेल तर सांभाळणाऱ्याने स्वतः बोलावं, त्यालाही तिथे सल्ला मिळतो. आधी समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतात. पहिल्या मदतीला सेवा चांगली आहे, पण दर वेळी तोच माणूस भेटेल असं नाही, त्यामुळे लांब पल्ल्याच्या उपचाराची जागा ती घेऊ शकत नाही. त्यासाठी 10 ते 19 वयाच्या मुलांकरता सरकारी रुग्णालयातलं मैत्री क्लिनिक बघा, किंवा जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग. जाण्याआधी ओपीडीचा वार विचारून घ्या, म्हणजे मजुरी बुडवून हेलपाटा पडत नाही.

आणि घरातली भाषा. "नीट वाग, नाहीतर बालगृहात टाकेन." रागाच्या भरात हे कितीतरी घरांत म्हटलं जातं, आणि कितीही समुपदेशन केलं तरी या एका वाक्याने सगळं पाण्यात जातं. तसंच "बापाच्या वळणावर गेलास". गेलेल्या माणसाचं नाव घरात बंद करणंही चूक. फोटो भिंतीवर राहू दे, वर्षश्राद्धाला मुलाला एखादं काम सोपवा, रडलं तर रडू दे. दुसरं लग्न केलेली आई फोन करत असेल तर तिच्या फोनचा वार आणि वेळ ठरवून घ्या. ठरलेला फोन आला नाही तर "येईल गं" म्हणून टाळू नका, "आज नाही आला, मलाही वाईट वाटलं" एवढं बोला.

आजीकडे कोण बघतं, हा प्रश्न योजनेत कुठेच नाही. नातवाची गेलेली आई म्हणजे अनेकदा तिचीच लेक असते. आजी स्वतः दुःखात असते, वर बीपी, गुडघे, आणि सातवीचं गणित. 14416 तिच्यासाठीही आहे हे तिला कुणीतरी सांगावं. आठवड्यातली एक दुपार दुसऱ्या नातेवाइकाने मुलाला नेलं, आणि तेही दर आठवड्याला त्याच वारी, तर तिला विसावा मिळतो आणि मुलाला आणखी एक घर ओळखीचं होतं.

सतरावं लागलं की पुढची तयारी सुरू करा. लाभ 18 ला थांबतो, आणि बऱ्याच मुलांचा अठरावा वाढदिवस नेमका बारावीच्या किंवा प्रवेशाच्या धांदलीत येतो. दोन्ही पालक नसतील तर अनाथ प्रमाणपत्रासाठी याच कार्यालयात अर्ज करा. नातेवाइकांकडे वाढलेल्या मुलांनाही ते मिळतं, आणि त्यावर राज्यात शिक्षणात व सरकारी नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षण आहे. हा अर्ज मुलाला सोबत घेऊन करा, फॉर्म त्यालाच भरू द्या.