कुटुंबासाठी वापरलेली डस्टर: मागच्या सीटवरून केलेले परीक्षण

घरात कंबरदुखीचा त्रास असलेली वडीलधारी माणसे असतील आणि आंबा घाटासारख्या रस्त्याने वरचेवर जाणे-येणे असेल, तर वापरलेली गाडी घेताना टचस्क्रीन आणि सनरूफ यांच्या आधी सस्पेन्शन, म्हणजे रस्त्याचे धक्के झेलणारी यंत्रणा, पाहावे, असे माझे ठाम मत आहे. या निकषावर आमच्या घरासाठी मी रेनॉ डस्टर निवडली आणि आजही कोणी विचारले तर हीच गाडी सुचवेन.

डस्टर २०१२ मध्ये भारतात आली. तिचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्ता आणि गाडीचा तळ यांतले अंतर, २०५ मिलिमीटर आहे आणि बऱ्याच मॉडेल्सना २१५/६५ मापाचे १६ इंची टायर येतात. म्हणजे टायरची रुंदी २१५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के, जवळजवळ १४ सेंटिमीटर, भरते आणि खड्ड्याची धार आधी रबरच झेलते. त्यापुढचे काम लांब हालचाल असलेल्या स्प्रिंगा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर करतात. फुटलेल्या डांबरावरून ही गाडी एकदा खाली बसते, वर येते आणि तिथेच स्थिरावते. चासीवर बॉडी बसवलेल्या अनेक जुन्या एसयूव्हींमध्ये मागे बसलेल्याला जी उसळी सोसावी लागते, ती इथे फारशी जाणवत नाही. चौघांचे सामान ४७५ लिटरच्या डिकीत सहज मावते.

चालवणाऱ्याला मात्र थोडी मेहनत पडते. सुरुवातीच्या डिझेल गाड्यांचा क्लच आणि स्टिअरिंग दोन्ही जड आहेत, आणि ११० पीएसच्या (पीएस हे इंजिनाच्या ताकदीचे एकक) इंजिनाचा जोर, इंजिनाचा वेग वाढून टर्बो जागा झाल्यावरच मिळतो. शहर आणि घाट असा मिश्र वापर असेल तर ८५ पीएसचे इंजिन मला अधिक समजूतदार वाटते. २०१४ मध्ये आलेल्या ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या) गाडीत मागच्या प्रत्येक चाकाचे सस्पेन्शन स्वतंत्र असल्यामुळे ती सर्वांत आरामदायी आहे. पण ती बाजारात क्वचितच मिळते.

मॉडेल चांगले असले तरी आपल्यासमोर उभी असलेली गाडी कशी वापरली गेली, यावर तिचा आराम ठरतो. विक्रेता चालवायला किल्ली देतो, ती सोबतच्या माणसाकडे द्यावी आणि आपण मागच्या सीटवर, बरोबर चाकाच्या वर बसावे, कारण घरची मंडळी तिथेच बसणार आहेत. काचा आणि संगीत बंद करून, एका बाजूची चाके गतिरोधकावर आणि दुसऱ्या बाजूची सपाट रस्त्यावर ठेवून, गाडी अगदी सावकाश न्यायला सांगावी. पुढून ‘टक-टक’ असा कोरडा आवाज आला तर सस्पेन्शनमधला लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) झिजलेले असण्याची शक्यता मोठी असते. नंतर ओळखीच्या मेस्त्रीकडे गाडी रॅम्पवर चढवून शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ आहे का, ते बॅटरीच्या उजेडात नीट पाहावे. टायर एकाच कडेने झिजले असतील तर चाकांचे अलाइनमेंट (सरळ रेषेतली जुळणी) बिघडलेले असते, आणि कधी कधी त्यामागे अपघातही असतो. टायरवरचा चार आकडी कोडही वाचावा. ३२१९ म्हणजे २०१९ मधील बत्तिसावा आठवडा. जुना, कडक झालेला टायर चांगल्या सस्पेन्शनचाही आराम घालवतो, म्हणून नव्या चार टायरांचा आणि बुशचा खर्च आधीच धरून भाव करावा. हे भाग झिजणारच असतात, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून गाडी नाकारू नये. अपघाताची खूण दिसली तर मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

डिझेल इंजिनाचा टायमिंग बेल्ट (इंजिनातल्या भागांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) बदलल्याचे बिल मागून घ्यावे. आधीच्या मालकाने कर्ज काढून घेतलेली गाडी असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि हस्तांतरणाचे फॉर्म २९ व ३० हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते. त्यामुळे २०१२ ची गाडी कितीही नीटनेटकी दिसली, तरी २०२७ मध्ये फिटनेस तपासणी करून नूतनीकरण करावे लागेल, आणि डिझेल डस्टर २०२० मध्ये बंद झाली. म्हणून २०१६ ते २०१९ मधली, सर्व्हिसच्या नोंदी असलेली गाडी शोधावी, भले त्यासाठी दोन-तीन महिने थांबावे लागले तरी चालेल.