वाशीच्या हॉलमध्ये वॉलाय, दिवाळ्याच्या खाडीत शिंगाळा

आधी हिशोब सांगते, कारण सगळे तेच विचारतायत. शनिवारी संध्याकाळी 3 तास वाशीला हॉलमध्ये आणि रविवारी पहाटेपासून 4 तास बेलापूरजवळ दिवाळे गावच्या खाडीवर, असं गळाने मासे धरायचं शिबिर. माझे 1,800, पोराचे 1,200. चहा-नाश्ता आणि त्या दिवसापुरती दांडी-रीळ त्यातच. प्रवास आपला. मी कळव्याला ब्लाउज शिवते. 3,000 रुपये म्हणजे माझे अस्तराचे सहा-सात ब्लाउज. त्या मापाने हे लिहितेय.

गेले कशाला, तर माझे बाबा कळव्याच्या खाडीवर गरवायला जायचे. भावाला न्यायचे, मला नाही. माझं काम घरी चुलीतली राख चाळून ठेवायची, मासे साफ करायला. आता पोरगा दहावी झाला आणि सुट्टीभर मोबाइलवर अमेरिकेतल्या लोकांचे मासे पकडायचे व्हिडिओ बघत बसला. त्यानेच जाहिरात दाखवली, ‘टूर्नामेंट खेळलेले अँगलर शिकवणार’. म्हटलं, एकटा जायचं नाहीस, मीही येते. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं.

हॉलमध्ये आम्ही चौदा जण. बायका मी धरून दोन. शिकवणारे सर मूळचे इकडचेच, पण बरीच वर्षं मिनेसोटात काढलेली. मराठी छान बोलतात. पहिलीच स्लाइड ‘वॉलाय’ नावाच्या माशाची. पोराने लगेच हात वर केला, “सर, हा इथे मिळतो का?” सर म्हणाले, नाही, हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा. हॉलमध्ये हशा. मागचा एकजण बोललाच, “मग पैसे परत द्या.”

मलाही तेच वाटत होतं. पण सरांनी पुढे जे सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. वॉलायच्या डोळ्यात आत एक चमकणारा पडदा असतो, मांजरीच्या डोळ्यात असतो तसा. त्यामुळे त्याला अंधुक उजेडात दिसतं, आणि ज्या छोट्या माशांना तो खातो त्यांना तेवढं दिसत नाही. म्हणून तो पहाटे, तिन्हीसांजेला, ढगाळ दिवशी, वाऱ्याने पाण्याला सुरकुत्या पडल्या की खायला निघतो. मग सरांनी दुसरा फोटो लावला, रात्री टॉर्च मारल्यावर निखाऱ्यासारखा पेटलेला डोळा. तो आपला जिताडा, खाडीतला मासा. दोघांचं कूळ वेगळं, पाणी वेगळं, पण शिकारीची वेळ आणि रीत बरीचशी सारखी. तिथे माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वॉलायवर डोकं चालवलंय, 1965 पासून तो मिनेसोटाचा राज्यमासा आहे, तर त्यांच्या युक्त्या इकडे का नको, असं सरांचं म्हणणं. (आपला राज्यमासा पापलेट, 2023 मध्ये जाहीर झाला. हे हॉलमध्ये दोघांनाच माहीत होतं. त्यातली एक मी, कारण पापलेटचे भाव बघून मला त्याचा राग येतो.)

मग सरांनी जो खेळ घेतला, त्यासाठी मी पुन्हा 1,800 देईन.

हॉलच्या एका टोकाला तीन पसरट टोपल्या. एकीत रेती, एकीत ओला चिखल, एकीत कालवांच्या शिंपल्या. दुसऱ्या टोकाला आपण दांडी धरून, टोपल्यांकडे पाठ करून, डोळ्यांवर ओढणी. दोऱ्याच्या शेवटाला शिसं. सरांचा मदतनीस ते शिसं टोपलीतून हळू ओढतो आणि आपण सांगायचं, खाली काय आहे. मध्येच तो नखाने दोऱ्याला टिचकी मारतो. ती माशाची चोच. ती आली की ‘आला’ म्हणायचं.

बाप्ये लोक दांडी मुठीत आवळून उभे. त्यांना सगळंच सारखं लागत होतं. सरांनी मला दोरा पहिल्या बोटाच्या पेरावर घ्यायला लावला, रिळाच्या पुढे, अलगद. आणि मला एकदम घरी आल्यासारखं झालं. रेती कशी, तर कॉटनवर सुई चालावी तशी, बारीक खरखर. चिखल म्हणजे वेल्वेट, काहीच लागत नाही, फक्त जड. शिंपल्या म्हणजे जरीच्या काठावरून सुई जाते तेव्हा जो कट्‌कट् अडथळा लागतो तो. टिचकी तर लपायचीच नाही. मी दहापैकी नऊ बरोबर सांगितल्या.

चुकलेली दहावी सांगते, कारण तीच खरी शिकवण होती. त्या वेळी मदतनीसाने टिचकी मारलीच नाही. शिसं अलगद उचलून धरलं. माझ्या बोटावरचं वजन गेलं, आणि मी गप्प बसले. सर म्हणाले, “हाही मासाच.” जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ. तो वीतभर वर उचलायचा आणि दोरा फार सैल न सोडता खाली जाऊ द्यायचा. मासा बहुतेक वेळा खाली जातानाच तोंडात घेतो. तेव्हा झटका लागेलच असं नाही, कधी नुसतं वजन नाहीसं होतं. मला स्वतःचाच राग आला. बॉबिनचा धागा संपतो तेव्हा मशीनचा आवाज बदलायच्या आधी माझ्या हाताला कळतं, हे रोजचं आहे. तेच इथे ओळखलं नाही.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ओढ लागली की दोरा सुटायचा ते, तोही तसाच पटकन कळला. मशीनवर टेन्शनची चकती असते ना, तेच काम. फार आवळलं तर दोरा तुटतो, सैल ठेवलं तर गळ रुतत नाही. दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवायचं, म्हणजे 20 पौंडाच्या दोऱ्याला 5 ते 6 पौंड, आपल्या भाषेत अडीच किलोच्या आसपास. सरांनी स्प्रिंगच्या काट्याला दोरा बांधून प्रत्येकाला स्वतः लावायला दिलं. नुसतं सांगून सोडलं नाही, हे आवडलं. विणलेला बारीक दोरा पुढच्या जाड पारदर्शक दोऱ्याला जोडायची एक गाठ आहे, एफजी म्हणतात. एकाआड एक वीसेक वेढे घ्यायचे, थुंकी लावून ओली करायची आणि मग सावकाश आवळायची, नाहीतर घासून दोरा तापतो आणि कमजोर होतो. माझी पहिल्या फटक्यात बसली. पोराची चौथ्यांदा. घरी येईपर्यंत तो त्यावर एक अक्षर बोलला नाही.

तो जाड दोरा कशाला, तर जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाला ब्लेडसारखी धार असते. बारीक दोरा कापतो आणि बोटंही. कल्ल्यात हात घालून उचलायचा नाही, हे सरांनी तीनदा बजावलं.

आता जे खटकलं ते. बर्फाला भोक पाडून वॉलाय धरतात त्यावर 40 मिनिटं! फोटो सुंदर, पण वाशीच्या हॉलमध्ये, बंद पडलेल्या एसीखाली, घाम पुसत आम्ही बर्फातली तंबूतली माणसं बघतोय. त्या वेळात गाठी दोनदा झाल्या असत्या. हातात दिलेली पुस्तिका अख्खी इंग्रजी, फोटो काळे-पांढरे. माझ्या बाजूच्या ताईंनी तिचा वारा घ्यायला उपयोग केला.

रविवारी ठाण्याहून पहाटेची पनवेल गाडी, बेलापूरला उतरून रिक्षा. धक्क्यावर सरांबरोबर दिवाळ्याचे एक कोळी काका होते, साठी उलटलेले. जाहिरातीत त्यांचा उल्लेखही नव्हता. दांडी नाही, रीळ नाही. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला दोरा आणि डब्यात जिवंत कोळंबी. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “आज तिथी काय?” कोणालाच माहीत नाही. सगळ्यांनी मोबाइल काढले.

सप्तमी होती. काका म्हणाले, तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ येते. सात त्रिक एकवीस, भागिले चार, सव्वापाच. खाडीत आत आलं की अर्धा तास पुढे धर. म्हणजे आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी नुकती लागलेली. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. इतका सोपा, आणि बाबांनी हा भावाला सांगितला असणार, मला नाही.

मग काकांनी तिवरांच्या मुळांमधून येणारी एक घळ दाखवली, जेमतेम दोन हात रुंद. ओहोटीला पाणी तिथून बाहेर पडतं, त्याबरोबर बोय माशाची पिल्लं आणि कोळंबी. जिताडा तोंडाशीच, पाण्याकडे तोंड करून उभा राहतो, आयतं ताट समोर येतं. गरी तिथे टाकायची, मधल्या मोकळ्या पाण्यात नाही.

इथे सरांची आणि काकांची जुंपली, आणि ती आम्हाला फुकट ऐकायला मिळाली. सर म्हणाले, पाणी निवळ आहे, नकली माशाला आज चांगलं. काका म्हणाले, “भांगाचा पानी हाय. ओढ नाय. मावरा आळशी.” मावरा म्हणजे मासळी, आणि भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचं मंद पाणी. उधाणाचं त्याच्या उलट, अमावस्या-पुनवेचं. सर पुढे लिंडी रिग, म्हणजे गळ-शिशाची एक जोडणी, दाखवायला लागले. मिनेसोटाच्या अ‍ॅल आणि रॉन लिंडनर भावांनी ही वॉलायसाठी लोकप्रिय केली. शिसं दोऱ्यावर मोकळं सरकतं, त्यामुळे माशाने आमिष ओढलं तरी त्याला वजन लागत नाही. तो नेतो तेवढा दोरा द्यायचा आणि मग ओढायचं. काकांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, “आमचा बाप शिशाऐवजी लोखंडी नट ओवायचा.” सर मनापासून हसले. मला सर तेव्हा जास्त आवडले.

आम्हा सगळ्यांना मिळून किती मासे मिळाले? चार शिंगाळे आणि एक बोटभर तांब. जिताडा शून्य. माझ्या गळाला साडेसातच्या सुमाराला काहीतरी लागलं होतं. झटका नाही, नुसतं वजन गेलं. या वेळी मी ओढलं. दोन क्षण दांडी वाकली आणि मग सुटली. काय होतं कोण जाणे. काका म्हणाले, “ताई, हात बराय तुमचा.”

एका पोराने शिंगाळा उघड्या हाताने धरला आणि काटा तळव्यात घुसला. पोरगा पांढराफटक. आयोजकांच्या पेटीत बँडेज, कापूस, डोकेदुखीची गोळी, बस. शिंगाळ्याच्या काट्यात विष असतं आणि त्यावर हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवणं हा उपाय, कारण उष्णतेने ते विष निकामी होतं. सरांना हे माहीत होतं, पण गरम पाणी कुठे होतं? काकांनी चहावाल्याकडून पातेलं आणलं. बऱ्याच वेळाने पोराच्या तोंडावर रंग आला, तेव्हा त्याला डॉक्टरकडे पाठवलं. 1,800 रुपये घेता तर एक थर्मास ठेवा की.

दुसरं, बायकांसाठी सोय नाही. जाहिरातीत ‘सर्व सुविधा’. मी आणि त्या ताई शेवटी गावातल्या एका घरात विचारून गेलो. त्या माउलीने वर चहाही दिला.

एक मात्र त्यांनी नीट केलं. कुठे जायचं नाही हे स्पष्ट सांगितलं. ठाणे खाडीचा फ्लेमिंगोचा पट्टा 2015 पासून अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर यादीतही आहे, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, तिथे दांडी घेऊन घुसायचं नाही. तुटलेल्या दोऱ्याचा तुकडा खाली टाकायचा नाही, पक्ष्यांच्या पायात अडकतो. प्रत्येकाला त्यासाठी एक बाटली दिली होती, जाताना तपासलीही. आणि मोठा जिताडा लागलाच तर सोडायचा, का, तर जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे मोठा धरला की अंड्यांची आईच गेली. मिनेसोटात 20 इंचांवरचा वॉलाय एकच ठेवता येतो, तेही सरांनी सांगितलं. यावर मात्र काका काही बोलले नाहीत, खाडीकडे बघत राहिले. त्यांचं पोट त्यावर आहे, माझं नाही.

शेवटी दांडी-रिळाचा सेट विकायला ठेवला होता, 3,500 ला. मी नको म्हटलं. पोराने दहावीच्या बक्षिसाच्या पैशातून घेतलाच. दुसऱ्याच रविवारी ड्रॅगची चकती अडकली. मी उघडून शिलाई मशीनचं तेल घातलं, आता फिरते, पण हँडल डुगडुगतंच. फोन केला तर ‘वॉरंटी कंपनीकडे’. शिकायला जा, तिथून वस्तू घेऊ नका.

एकदम नवख्या माणसाने जावं का? जावं, पण शनिवार चुकवू नका. काहीजण थेट रविवारी आले होते आणि धक्क्यावर नुसते दोरे गुंतवत बसले. ज्यांना मासा हवाय त्यांनी दिवाळ्याच्या बाजारात जावं, स्वस्त पडेल.

परवा पुढच्या बॅचचा मेसेज आला. जुन्यांना 300 रुपये सूट. मी फोन करून विचारलं, त्या रविवारी तिथी कोणती आहे? पलीकडची मुलगी जरा थांबली आणि म्हणाली, “मॅडम, संडे आहे.”