अल्बानियात आठवडा: श्कुम्बिनच्या वर की खाली?

अल्बानियासाठी एकच आठवडा हाताशी असेल, तर हॉटेलं शोधण्याआधी एक ठरवा: श्कुम्बिन नदीच्या वर जायचं की खाली. देशाच्या मध्यातून वाहणारी ही नदी माणसांचीही सीमा आहे. उत्तरेला गेग, दक्षिणेला तोस्क. भाषा दोघांची अल्बेनियनच, पण बोली वेगळी, घरं वेगळी, पाहुण्याला बसवायची तऱ्हाही वेगळी. देशाचं क्षेत्रफळ 28,748 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, आणि 2023च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 24 लाख. नकाशा बघून वाटतं, सगळं उरकेल. पण सगळा डोंगराळ मुलूख आहे. दोन्ही टोकं गाठायला गेलात तर निम्मा आठवडा गाडीत जाईल.

उत्तरेला जायचं ते डोंगरांसाठी. इथल्या चुनखडीच्या रांगांना लोक ‘शापित डोंगर’ म्हणतात. त्यातलं येझेर्त्सा शिखर 2,694 मीटरचं. द्रिन नदीवर कम्युनिस्ट काळात धरण बांधलं आणि कोमानचा लांबट, चिंचोळा तलाव तयार झाला. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधून बोट. काठावरच्या काही वस्त्यांना आजही बोटीशिवाय वाट नाही. पलीकडे उतरून वाल्बोनाला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी खिंड चढून थेथला उतरायचं. दिवसभराची चाल आहे. सह्याद्रीत नेमाने फिरणाऱ्याला जड जाणार नाही, पण गुडघे कुरकुरत असतील तर हा बेत नको.

थेथमध्ये एक ‘कुला’ आहे, दगडी बुरुजासारखं घर, खिडक्या म्हणजे नुसत्या फटी. ज्याच्यावर खुनाचा सूड उगवला जायचा, तो पुरुष अशा घरात कोंडून घेऊन राहायचा. बायकांना सुडातून वगळलेलं असल्यामुळे बाहेरची सगळी कामं त्यांच्यावर पडायची. हे सारं ‘कानून’ नावाच्या परंपरागत कायद्यातलं. आणि हाच कायदा सांगतो, अल्बेनियन माणसाचं घर देवाचं आणि पाहुण्याचं. थेथ कॅथलिक, खिंडीपलीकडचा त्रोपोया भाग बहुतांश मुस्लिम, पण कानून दोन्हीकडे चालला. उत्तरेची माणसं समजून घ्यायची तर धर्माआधी हे लक्षात ठेवावं लागतं.

उत्तरेतल्या श्कोदर शहराचा रोझाफा किल्ला चुकवू नका. त्याची दंतकथा अशी: तिघे भाऊ दिवसा भिंत बांधत, रात्री ती पडे. उद्या जी बायको जेवण घेऊन येईल तिला भिंतीत चिणायचं, असं ठरलं. दोघा थोरल्यांनी आपापल्या बायकांना सावध केलं, धाकट्याने शब्द पाळला. त्याची बायको रोझाफा म्हणाली, उजवा डोळा, उजवा हात, उजवा पाय आणि उजवा स्तन तेवढे उघडे ठेवा, माझं बाळ तान्हं आहे. श्रावणातली शिळा सप्तमीची कहाणी ऐकून वाढलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही. तिथे तळ्याला पाणी लागावं म्हणून सुनेच्या मुलाचा बळी मागतात, इथे भिंत टिकावी म्हणून सुनेचाच.

दक्षिण मोकळी आहे. ल्लोगाराची खिंड ओलांडली की खाली आयोनियन समुद्र दिसतो. किनाऱ्यावर हिमारा, सारांदा ही गावं, समोर ग्रीसचं कोर्फू बेट. किनारा देखणा आहे, पण ऑगस्टमध्ये क्सामिलला पाय ठेवायला जागा नसते. मी दक्षिणेला जाईन ती जिरोकास्तर या जुन्या गावासाठी. छपरांवर कौलांऐवजी दगडी फरशा, घराच्या तळाशी पाण्याचं टाकं, हिवाळ्याची बैठक खाली, उन्हाळ्याची वर. पाहुण्यांच्या दिवाणखान्याच्या वरच्या अंगाला लाकडी जाळीची छोटी गॅलरी असते. घरातल्या बायका तिथून खालची मैफल बघत. अशा जाळीआड पाच मिनिटं बसून पाहा, हे घर कुणी कसं वापरलं ते कळतं.

याच गावात 1908 साली कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजा जन्मला. 1944 ते 1985 त्याने देश मुठीत ठेवला, लाखाहून जास्त बंकर बांधले, 1967मध्ये धर्मावरच बंदी घातली. पक्षाचं नेतृत्व बरंचसं दक्षिणेचं होतं आणि 1972मध्ये ठरलेली प्रमाणभाषाही मुख्यतः तोस्कवर बेतली गेली. गेग लोकांच्या मनात ते अजून सलतं. पण दक्षिणेनेही सोसलं आहे. 1997मध्ये पिरॅमिड योजना (नव्या गुंतवणूकदारांच्या पैशांतून जुन्यांना परतावा देणाऱ्या) बुडाल्या, लोकांची आयुष्यभराची पुंजी गेली आणि व्लोरासारख्या शहरांत उघड बंड झालं. दक्षिणेत ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, बेक्ताशी सूफी परंपरेचे मुस्लिम आणि ग्रीक भाषक शेजारीशेजारी राहतात. इथलं अनेक आवाजांचं गाणं युनेस्कोच्या यादीत आहे. एक आवाज खाली लांबलचक सूर धरून राहतो आणि त्यावर बाकीचे गातात.

शाकाहारींचं दोन्हीकडे भागतं: पालक किंवा चीज भरलेलं पापुद्र्यांचं ब्युरेक, मिरची, टोमॅटो आणि पनीरसारख्या चीजचं फेरगेस. दक्षिणेत पर्याय जास्त.

सोबत आईवडील असतील, किंवा ऑक्टोबरनंतरचा बेत असेल, तर विचार न करता दक्षिण. उत्तरेच्या खिंडीत तेव्हा बर्फ असू शकतो. जून ते सप्टेंबर मोकळा असेल आणि पाय धड असतील, तर मी उत्तरच सांगेन. समुद्र आणि जुनी शहरं ग्रीस-क्रोएशियातही बघता येतील. थेथच्या घरात रात्री चुलीपाशी बसवून घेणारी माणसं तिथे भेटणार नाहीत. फक्त राकीचा, म्हणजे तिथल्या कडक दारूचा, पेला नको असेल तर छातीवर हात ठेवून नम्रपणे सांगा, आणि मान आडवी हलवू नका. तिथे त्याचा अर्थ हो असा होतो.