गावात थिऑलॉजीचं कपाट : वापरल्यावरचा अनुभव

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. खेड्यात राहून ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाचा घरगुती संग्रह करायचा असेल, तर मोठे संच घेऊ नका, एकेक पुस्तक घ्या. आणि मराठीचा खण आधी भरा. इंग्रजीतलं जुनं बरंचसं फुकट उतरवून घेता येतं, त्यात पैसा घालायची घाई नाही.

मी पाळक नाही, कास्तकार आहे. कपाशी आणि तूर. आमच्या पास्टर साहेबांकडे चार-पाच गावांच्या मंडळ्या, म्हणजे गावोगावची चर्चं आहेत, त्यामुळे अधूनमधून रविवारी संदेश (प्रवचन) द्यायची पाळी माझ्यावर येते. मागच्या उन्हाळ्यात लोखंडी कपाट आणलं आणि तोवर पिशव्यांत, खोक्यांत पडलेली पुस्तकं त्यात लावली. आता दुसरा उन्हाळा लागलाय. ऊन, पावसाळा आणि पुस्तक मागून नेणारे पाहुणे, तिन्हींचा अनुभव घेऊन झाला, म्हणून लिहितो.

पुस्तकं मिळवण्याच्या बाबतीत आमचा यवतमाळ जिल्हा वाटतो तितका कोरडा नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं विद्यालय, १९५३ पासून यवतमाळलाच होती, १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. तीस वर्षांत इथं शिकलेली माणसं कमी नव्हती. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी सज्ज्यावर पत्र्याची पेटी असते. मुलं पुण्या-नागपूरला नोकरीला, आणि पेटी उंदरांच्या हवाली. विनंती केली तर बहुतेक घरं आनंदानं देतात, वर चहा पाजतात. माझ्या कपाटातली चांगली पुस्तकं अशीच आलेली आहेत. नवी मागवायची तर मे २०२५ पासून टपाल खात्याची ज्ञान पोस्ट आहे : तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. धार्मिक पुस्तकं त्यात बसतात. पार्सल रस्त्यानं-रेल्वेनं येतं, म्हणून निवांत येतं. पण जाड ठोकळा शंभराच्या आसपास दारात येतो, आणखी काय पाहिजे? पाठवणाऱ्याला मात्र ज्ञान पोस्टनेच पाठवा असं आधी सांगावं लागतं. नाहीतर कुरिअर, आणि कुरिअरवाला तालुक्याच्या पुढे येत नाही.

आता प्रत्यक्ष पुस्तकं.

सगळ्यात जास्त हात लागतो तो पंडिता रमाबाईंच्या बायबलला. जुनी प्रत आहे, पेटीतली. बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून हे भाषांतर केलं. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी ते छापलं. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं, तेव्हा बाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. उपासनेत आम्ही बायबल सोसायटीचंच पवित्र शास्त्र वाचतो, ते सगळ्यांच्या हातात असतं. पण नव्या करारातल्या रोमकरांस पत्रासारखं ठिकाण आलं, की मी दोन्ही शेजारी उघडून बसतो. रमाबाईंचं वाचताना मला अडखळायला होतं, आणि तेच कामाचं आहे. लहानपणापासून पाठ असलेल्या वचनावरून डोळे घसरतात, इथं घसरत नाहीत. कोणती भाष्यं घेऊ असं विचारणाऱ्याला मी आधी दुसरं भाषांतर घ्या असं सांगतो.

दुसरं फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण. हा इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक संघाचा धर्मगुरू) १५७९ मध्ये गोव्याला आला आणि १६१६ मध्ये तिथल्याच रायतूरला त्यानं सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत छापला. देवनागरीतली बंडेलूंची आवृत्ती १९५६ ची. एकट्यानं मुकाट वाचायला गेलात तर जड जातं. भाषा चारशे वर्षांपूर्वीची, त्यात कोकणीची फोडणी. ओसरीवर मोठ्यानं वाचायला लागलो तेव्हा ते मोकळं झालं. शेजारच्या काकू गजानन विजयचं पारायण नेमानं करतात. त्या भिंतीपलीकडून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "काऊन गा भाऊ, तुमच्यातही पोथी असते? आमाले तर माईत नव्हतं." मलाही बऱ्याच उशिरा माहीत झालं, पण ते मी बोललो नाही. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात नवा. सृष्टीची उत्पत्ती आणि येशूचा जन्म हे दोन प्रसंग घरात वाचून पाहा. देहधारण, म्हणजे देवानं माणसाचा देह घेणं, हे शिकवताना पुढे फारसं बोलावं लागत नाही.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं ख्रिस्तायन, ख्रिस्तावरचं काव्य, याच खणात आहे. टिळकांनी अर्धवट सोडलेलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. मला ते काव्य म्हणून ख्रिस्तपुराणापुढे फिकं वाटतं, पण नातवंडांना कळतं. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे मी थिऑलॉजीच्या कपाटात ठेवलंय म्हणून एकानं चेष्टा केली. ठेवलंय खरं. आणि घराबाहेर सगळ्यात जास्त फिरलेलं पुस्तक तेच आहे, सध्याही ते वणीला कुणाकडे तरी आहे.

इंग्रजी खणातलं सगळ्यात उपयोगी पुस्तक सगळ्यात बारीक निघालं. चौथ्या शतकातल्या अथनाशियसचं 'ऑन द इनकार्नेशन', म्हणजे देहधारणेवर. झालं असं की मंडळीतल्या पोरांच्या मोबाईलवर एक क्लिप फिरत होती : येशूला देव चौथ्या शतकात सम्राटानं केलं आणि बायबलची पुस्तकंही त्याच सभेत मतं टाकून ठरवली. पोरं गंभीरपणे विचारायला आली. मग बसलो सगळे. क्लिपमधली ती सभा म्हणजे निकियाची, बिशपांची, ३२५ ची. तिथला वाद एरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीवर होता, म्हणजे पुत्र पित्याबरोबरीचा की निर्माण केलेला, यावर. ख्रिस्ताची देव म्हणून भक्ती त्याच्या आधीपासून चालत होती, म्हणून तर वाद पेटला. पुस्तकांच्या यादीवर त्या सभेनं निर्णय दिलेला नाही. नव्या कराराच्या आजच्या सत्तावीस पुस्तकांची यादी अथनाशियसच्याच ३६७ च्या पत्रात सापडते. हा माणूस निकियाला तरुण डिकन (बिशपाचा मदतनीस) म्हणून हजर होता, पुढे बिशप झाला आणि पाच वेळा हद्दपार झाला. सम्राटानं सांगितलं आणि सगळे मान डोलावून मोकळे झाले असं असतं, तर सम्राटांनीच याला पुन्हा पुन्हा हाकललं कशाला? पोरांना हे पटलं, निदान दोन तास मोबाईल खिशात राहिले. या पुस्तकाचं जुनं इंग्रजी भाषांतर ख्रिश्चन क्लासिक्स इथरिअल लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट आहे. ऑगस्टिनचं आत्मकथन कन्फेशन्स आणि प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनचं इन्स्टिट्यूट्सही तिथंच. कॅल्विनचं शेवटचं रूप १५५९ चं, चार भाग, ऐंशी अध्याय. प्रार्थनेवरचा अध्याय तेवढा मी पुरता वाचलाय आणि तो उत्तम आहे. टॅबलेटवर वाचायचं तर साधी मजकुराची फाइल घ्या. जुन्या पुस्तकांचे स्कॅन दोन रकान्यांत असतात, बोटांनी मोठं करून करून वाचणं म्हणजे छळ.

मॅथ्यू हेन्रीच्या बायबलवरच्या भाष्याचे सहा खंड भेट म्हणून आले. दिसतात भारदस्त, एक अख्खा खण खातात. नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांपर्यंत लिहून हेन्री १७१४ मध्ये वारला, त्यापुढच्या पत्रांवरचं भाष्य इतरांनी पुरं केलं. मला संदेशासाठी लागतात ती मुख्यतः पत्रंच. विसाव्या शतकातल्या कार्ल बार्थच्या चर्च डॉगमॅटिक्स या ख्रिस्ती सिद्धांतांवरच्या ग्रंथाबद्दल विचारणारे असतात. तेरा भाग लिहूनही अपुरं राहिलेलं काम आहे ते. गावात कुणासाठी घ्यायचं?

आमच्या मंडळीबाहेरच्यांनी विचारलेल्या प्रश्नांसाठी दोन पुस्तकं ठेवावीच लागतात. एक कॅथलिक चर्चचं कॅटेकिझम, म्हणजे त्यांच्या शिकवणीचं अधिकृत पुस्तक. माझी सून अमरावतीकडची, कॅथलिक घरातली. तिच्याशी बोलताना ऐकीव माहितीवर भांडण्यापेक्षा परिच्छेदाचा आकडा काढून वाचणं बरं. २८६५ परिच्छेद आहेत, सगळे क्रमांक टाकलेले. शोधायला इतकं सोपं दुसरं पुस्तक कपाटात नाही.

दुसरं अरविंद निर्मलांनी संपादित केलेलं दलित थिऑलॉजीचं रीडर (निवडक लेखांचं पुस्तक), मद्रासच्या गुरुकुल या ख्रिस्ती धर्मशिक्षण संस्थेचं. आमच्या गावात बौद्ध वस्ती मोठी आहे, आणि १९५६ ला नागपूरला गेलेल्यांची मुलं-नातवंडं आहेत. एक निवृत्त गुरुजी संध्याकाळी येऊन बसतात. बाबासाहेबांचं बुद्ध आणि त्यांचा धम्म त्यांना जवळजवळ पाठ. त्यांचा प्रश्न सरळ होता, "धर्म बदलला तरी तुमच्यात सोयरिकीच्या वेळी जात का विचारतात?" याला कॅल्विनमध्ये उत्तर नाही. निर्मलांनी १९८१ मध्ये बंगळुरूला हीच गोष्ट मांडली होती, की इथल्या चर्चमध्ये बहुसंख्य दलित असताना इथलं ईश्वरविज्ञान मात्र वरच्या जातींच्या तत्त्वज्ञानाशीच बोलत राहिलं. त्यांच्या मांडणीत येशू स्वतः दुःखसहन करणारा दलित आहे. गुरुजींना ते सगळं पटलं नाही, मलाही काही जागा खटकतात. पण संवाद थांबला नाही, आणि सोयरिकीचा प्रश्न मी पुढच्याच संदेशात घेतला. मंडळीत दोन घरं नाराज झाली. रॉबिन बॉयडचं भारतीय ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाची ओळख करून देणारं पुस्तकही घ्या. त्यात ख्रिस्ती झालेल्या नेहेम्या गोऱ्यांवर प्रकरण आहे, आणि आपल्याच मराठी माणसाची ओळख इंग्रजीतून होते याची थोडी लाज वाटू द्या.

देखभालीचं थोडक्यात. कपाट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, वाळवी भिंतीनं येते. निंबाचा पाला आणि वेखंड मी दोन्ही ठेवतो, कसर कमी होते, जात नाही. पत्र्याखालच्या खोलीत पंचेचाळीसच्या वर पारा गेला की डिंकानं चिकटवलेल्या बांधणीची पानं सुटतात. माझ्याकडचं बॉयड असंच सुटून आता रबरात बांधलेलं आहे, आणि साठ-सत्तर वर्षांची शिवलेली पुस्तकं जशीच्या तशी. म्हणून जुनं-नवं दोन्ही मिळत असेल तर शिवलेलं जुनं घ्या. पावसाळ्यात महिन्यातून एकदा सगळी बाहेर काढून पानं मोकळी करावी लागतात, त्याला पर्याय नाही.

कापूस विकला की पुढची खरेदी म्हणजे जे. एन. डी. केली या लेखकाचं सुरुवातीच्या ख्रिस्ती सिद्धांतांवरचं 'अर्ली ख्रिश्चन डॉक्ट्रिन्स', पोरांची निकियानंतरची प्रश्नावली तयारच आहे. त्यासाठी खण रिकामा करायचाय. मॅथ्यू हेन्रीचे सहा खंड कुणाला हवे असतील तर यवतमाळला येऊन न्यावेत. वजन पाहता ज्ञान पोस्टात एका फेरीत मावणार नाहीत.