पागडीची खोली की लिव्ह अँड लायसन्सचा फ्लॅट?

मावसबहिणीचा परवा रात्री फोन आला. गिरगावात दोन खोल्या पागडीने, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी मोठी रक्कम मोजून, मिळतायत, मग भाडं महिना चारशेच्या आत, घ्यायच्या का? ती डोंबिवलीला लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर राहते. नवराबायको दोघांचं ऑफिस फोर्टात, मुलगी दुसरीत, आणि दर 11 महिन्यांनी नवा करार, नवी दलाली, नाहीतर नवं घर. चारशे रुपये ऐकून तिचा जीव वर-खाली झाला होता. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

आधी त्या चारशे रुपयांबद्दल. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकली. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू झाला आणि मालकाला वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा मिळाली. दोनशे रुपयांचे 4 टक्के म्हणजे आठ रुपये. अशा चाळीत वीस भाडेकरू धरले तरी मालकाच्या हातात महिन्याला सात-आठ हजार येतात. तेवढ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंगसुद्धा होत नाही. मालकाची खरी कमाई भाड्यात नसते, खोली एका भाडेकरूकडून दुसऱ्याकडे जाताना असते. नवा भाडेकरू जुन्याला जी पागडी देतो, त्या रकमेतला साधारण तिसरा हिस्सा, काही ठिकाणी त्याहून जास्त, त्याला द्यायचा असा रिवाज आहे. 1999 च्या कायद्याने ही देवघेव कायदेशीर ठरवली. त्यामुळे एजंट ‘सगळं काळ्यातच करावं लागतं’ म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

म्हणून पहिला सवाल भाडं किती हा नाही. छप्पर गळलं तर कोण धावून येणार, हा आहे.

इथे महापालिका आणि म्हाडा, म्हणजे राज्य सरकारचं गृहनिर्माण प्राधिकरण, येतात. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहर भागात 30 सप्टेंबर 1969 पूर्वी बांधलेल्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसतो. तो महापालिका मालमत्ता करासोबत गोळा करते आणि दुरुस्ती म्हाडाचं मंडळ करतं. याच त्या सेसच्या इमारती. 1940 पूर्वीच्या ‘अ’ वर्गात, नंतरच्या ‘ब’ आणि ‘क’ मध्ये. मंडळाच्या खर्चाला कमाल मर्यादा आहे, वरचे पैसे रहिवाशांनी काढायचे असतात, आणि ते काढता काढता वर्षं जातात. तरी निदान दार ठोठवायला एक ऑफिस आहे. विलेपार्ल्याला किंवा घाटकोपरला पागडीची खोली घेतलीत, तर ती सेसमध्ये नसते. तिथे तुम्ही, मालक आणि महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस, एवढंच. बहिणीला मी हेच आधी विचारायला लावलं: मालमत्ता कराच्या बिलावर उपकर आहे का?

सेस आहे म्हणून डोळे मिटू नका. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत 31 ऑगस्ट 2017 ला कोसळली, 33 जीव गेले. जिना चढताना वर बघा. तुळईखाली लाकडी टेकू दिलेत का? लोखंडी गर्डरला गंजाचे पापुद्रे सुटलेत का? शेजाऱ्यांना विचारा, इमारतीतलं कोणी संक्रमण शिबिरात, म्हणजे म्हाडाच्या तात्पुरत्या घरात, आहे का, असेल तर किती वर्षं. या एका उत्तरात तुम्हाला एजंटच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा जास्त कळेल.

आता भाडेपावती. आम्हाला दाखवलेली पावती बोटभर लांबीची, पिवळी पडलेली, वर मालकाचा रबरी शिक्का आणि भाडेकरूचं नाव आजोबांचं. आजोबा कधीच गेले. विकायला निघालेला नातू त्याच खोलीत लहानाचा मोठा झाला, पण पावती कोणी बदलूनच घेतली नाही. कायद्याने भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. मग काका, आत्या, त्यांची मुलं यांचं काय? सगळ्यांच्या सह्या, मालकाची लेखी संमती आणि आपल्या नावाची नवी पावती, हे तिन्ही एकाच दिवशी हातात पडल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मालकाच्या संमतीविना झालेलं हस्तांतर हे खोली खाली करून घ्यायला पुरेसं कारण ठरतं.

पागडीकडे लोक ओढले जातात ते पुनर्विकासाच्या आशेने. सेसच्या इमारतीतल्या भाडेकरूंना मुंबईच्या विकास नियमावलीतल्या 33(7) या नियमाखाली किमान 300 चौरस फूट कार्पेटचं मालकीचं घर फुकट मिळतं, आणि 51 टक्के रहिवाशांच्या संमतीने काम पुढे सरकतं. पण 13 जून 1996 नंतर निर्माण झालेली नवी भाडेदारी त्यात धरत नाहीत. एका खोलीच्या मध्ये प्लायवूड घालून दोन केल्या आणि दुसरीची वेगळी पावती 2005 ची असेल, तर त्या दुसऱ्या पावतीवर घर नाही. बहिणीच्या ‘दोन खोल्या’ नेमक्या अशाच निघाल्या.

शिवाय पागडीवर बँक सहसा गृहकर्ज देत नाही, सगळी रक्कम स्वतःच जमवावी लागते. आणि घेऊन कुलूप लावून ठेवणं धोक्याचं. सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय वापर नसेल, तर मालक त्यावर दावा लावू शकतो.

लिव्ह अँड लायसन्सबद्दल लिहायला कमी आहे, कारण हक्कच कमी आहेत. तुम्ही तिथे भाडेकरू नसता, परवानाधारक असता. मुदत संपली की निघायचं. अडून बसलात तर दुप्पट भाड्याने भरपाई द्यावी लागते. करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, ती जबाबदारी कायद्याने मालकाची. समजा 30,000 भाडं, एक लाख डिपॉझिट, 11 महिने. मुद्रांक शुल्क साडेआठशेच्या आसपास आणि नोंदणीचे 1,000. एवढ्यासाठी नोटरीच्या कागदावर भागवणारा मालक नको. 11 महिन्यांचा आग्रहही नको, करार 60 महिन्यांपर्यंत होतो. शाळेत जाणारं मूल असेल तर तीन वर्षांचा मागा, वाढ आधीच लिहून घ्या. माझ्या एका जुन्या मालकाने रंगाच्या नावाखाली जवळजवळ अर्धं डिपॉझिट ठेवून घेतलं. आत शिरताना भिंतींचे फोटो काढले असते, तर माझ्याकडे बोलायला काहीतरी असतं.

माझं मत असं. पैसा गाठीशी आहे, तो दहा-पंधरा वर्षं अडकला तरी चालेल, इमारत सेसची आहे, मूळ भाडेदारी 13 जून 1996 पूर्वीची आणि पावतीवरची नावं स्वच्छ आहेत, आणि तुम्ही खरोखर तिथे राहणार आहात, तर पागडी घ्या. गिरगाव-लालबागच्या शेजाराची किंमत कुठल्याच करारात लिहिलेली नसते, मी त्यातच वाढलोय. यातली एक जरी अट हुकत असेल तर लिव्ह अँड लायसन्स, पण जवळचं. डोंबिवलीच्या लोकलमध्ये जाणारे रोजचे तीन तास भाड्यात धरून बघा.

बहिणीने गिरगावला नाही सांगितलं. करी रोडला एका खोलीचा तीन वर्षांचा करार बोलून ठेवलाय. रविवारी आम्ही फोटो काढायला जातोय.