चावी काढल्यावरही धडधडणारी पद्मिनी आणि टायमिंग गन: आठ महिने वापरल्यानंतर

आमची प्रीमियर पद्मिनी १९८६ ची. बाबांनी घेतलेली, त्यामुळे ती विकायचा विषय आमच्या घरात निघतच नाही. गेल्या उन्हाळ्यात तिला एक खोड लागली. कात्रजचा घाट चढून-उतरून घरी यायचं, चावी फिरवून काढायची, आणि इंजिन बंद व्हायचं सोडून हिसके देत धडधडत राहायचं. एकदा मी मोजले, अकरा सेकंद. शेवटी एक दणका बसून बंद, आणि बॉनेटखालून कच्च्या पेट्रोलचा वास. बाबा गॅलरीतून ऐकत होते. "त्रास होतोय रे तिला," एवढंच म्हणाले. मला चैन पडेना.

आधी चावीच्या स्विचवर संशय होता. पण स्विच अडकला असता तर इंजिन पूर्वीसारखंच एकसारखं चाललं असतं. हे हिसके देत होतं. खात्रीसाठी गरम इंजिन स्लोवर (अॅक्सिलरेटर न दाबता) चालू असताना प्लगना करंट देणाऱ्या कॉइलची बारीक वायर काढली. तरी धडधड सुरूच. म्हणजे प्लगला करंट नसताना सिलिंडरमधल्या तापलेल्या कार्बनवर पेट्रोल-हवेचं मिश्रण आपोआप पेटत होतं. डिझेल इंजिनही प्लगशिवाय पेटतं, म्हणून याला डिझेलिंग म्हणतात. आपल्या कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत चावी फक्त करंट तोडते. पिस्टन हलतंय तोवर पेट्रोल ओढलं जातंच. इंजेक्शनच्या गाडीत चावीबरोबर पेट्रोलही तुटतं, त्यामुळे तिथे हा प्रकार होत नाही.

गॅरेजमध्ये स्लो कमी करून दिला. दोन दिवस बरं वाटलं, मग सिग्नलला गाडी बंद पडायला लागली. स्लो पुन्हा वाढवला, धडधड परत आली. पुढचा सल्ला हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवून कार्बन काढण्याचा होता. तेवढा खर्च करण्याआधी स्वतः बघावं म्हणून दीड हजाराच्या आत मिळणारी एक साधी टायमिंग गन मागवली. प्लगला करंट जाईल त्या क्षणी ही चमकते, आणि त्या प्रकाशात पुलीवरची खूण कुठे दिसते त्यावरून ठिणगी वेळेवर पडते का, म्हणजे टायमिंग, कळतं. दोन क्लिप बॅटरीला, चिमटा एक नंबरच्या प्लगच्या वायरला, पुलीवरच्या खुणेवर खडू.

पहिल्याच दिवशी फसलो. प्रकाश मारला तर खूण जवळपास जागेवर दिसली. टायमिंग बरोबर आहे समजून गन ठेवून दिली. रात्री मॅन्युअल वाचताना लक्षात आलं की टायमिंग ठरलेल्या स्लोवरच बघायचं असतं. आमचा स्लो इतका चढवलेला होता की डिस्ट्रीब्युटरमधली (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) वजनं आधीच उघडून टायमिंग पुढे ढकलत होती. सकाळी मित्राचा टॅकोमीटर (इंजिनचे फेरे मोजणारं मीटर) लावला, स्लो मॅन्युअलमधल्या आकड्यावर उतरवला, तर खूण सरळ मागे सरकली. टायमिंग चांगलंच लेट होतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडत होती.

मग सगळं जुळलं. टायमिंग लेट असलं की इंजिन त्याच स्लोवर टिकायला थ्रॉटल (मिश्रण आत सोडणारी झडप) जास्त उघडावा लागतो. हेडही जास्त तापतं. चावी काढली की त्या उघड्या थ्रॉटलमधून भरपूर मिश्रण आत जातं आणि तापलेल्या कार्बनला तेवढंच हवं असतं. केव्हातरी कुणीतरी नुसत्या कानाने टायमिंग बसवून कसर स्लोच्या स्क्रूने भरून काढली होती.

डिस्ट्रीब्युटरचा बोल्ट सैल करून तो केसभर फिरवला. खूण जागेवर येताच स्लो आपोआप चढला, आणि मला तो स्क्रू दीड फेरा मागे घेता आला. त्या दिवशी धडधड एक-दोन सेकंदांवर आली. उरलेली प्लगमुळे होती, प्लग जास्त गरम रेंजचे, म्हणजे टोकाशी उष्णता धरून ठेवणारे निघाले. इथे नीट बघा: बॉशमध्ये आकडा मोठा तर प्लग गरम, एनजीकेमध्ये आकडा मोठा तर थंड. ब्रँड बदलताना हमखास चूक होते. एक पायरी थंड प्लग टाकले आणि खोड गेली.

ऑगस्टमध्ये ती एकदा परतली. गनने दोन मिनिटांत सांगितलं की टायमिंग हललेलं नाही, म्हणून डिस्ट्रीब्युटरला हात न लावता हवेची गळती शोधली. कार्बोरेटरच्या बुडाचं गॅस्केट चिरलं होतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्याने मिश्रण तसंही लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) होतं. त्यात ही जादा हवा. गॅस्केट बदललं, पुन्हा शांत.

गनबद्दल तक्रारी आहेत. प्रकाश मंद आहे, भर उन्हात खूण दिसत नाही, मी संध्याकाळीच बघतो. केबल आखूड आहे. चिमट्यावरचा बाण प्लगकडे हवा, आणि शेजारच्या वायरला टेकला तर भलत्याच वेळी चमकते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या प्रकाशात फिरता पंखा उभा असल्यासारखा दिसतो. बाही दुमडा, हात लांब ठेवा, मुलांना जवळ उभं करू नका.

ज्यांची गाडी आज धडधडतेय त्यांनी तोवर एवढं करावं: गाडी वरच्या गिअरमध्ये टाका, ब्रेक घट्ट दाबा, चावी काढा आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन तिथेच बंद पडतं. ऑगस्टनंतर मला हे एकदाही करावं लागलेलं नाही. हेड अजून उतरवलेलं नाही. गन घेणार असाल तर थोडे जास्त पैसे घालून लांब केबलचीच घ्या.