आयपॉडची हार्डडिस्क काढून मेमरी कार्ड बसवलं, आठ महिन्यांचा अनुभव

माझा आयपॉड व्हिडिओ २००६चा, ८० जीबीवाला, जाड पाठीचा. दिवाळीत त्याची हार्डडिस्क काढून २५६ जीबीचं एसडी कार्ड बसवलं, त्याला आता आठ महिने झाले. एवढा वापर झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलंच होतं.

आधी एवढी खटपट कशापायी ते सांगतो. आमच्या अण्णांकडं मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसाच्या गाण्यांच्या कॅसेटी होत्या, स्वतः टेपरेकॉर्डर घेऊन चिंचेच्या झाडाखाली बसून भरलेल्या. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथं दरवर्षी संगीतसभा होते, सांगली-मिरजेच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. त्या सगळ्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर उतरवून आयपॉडमध्ये भरल्या होत्या. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीतल्या घरात पाणी आलं, कॅसेटी गेल्या, खालच्या खोलीतला कॉम्प्युटर पण गेला, आणि आयपॉड तेवढा माझ्यासोबत साताऱ्याला होता म्हणून ते गाणं वाचलं. पाणी ओसरायच्या आधीच सगळं लॅपटॉपवर कॉपी करून घेतलं. त्यामुळं गेल्या वर्षी डिस्क टकटक करायला लागली तेव्हा रेकॉर्डिंग जायची भीती नव्हती, पण हा आयपॉड टाकून द्यायला मन होईना.

डिस्क खरंच मरायला टेकली आहे का हे आयपॉडच सांगतो. मेनू आणि मधलं बटण दाबून रीसेट करायचं, लोगो दिसला की लगेच मधलं आणि मागच्या गाण्याचं बटण धरायचं, डायग्नोस्टिक मोड, म्हणजे स्वतःची तपासणी करायचा मेनू, उघडतो. त्यात हार्डडिस्कच्या स्मार्ट डेटामध्ये, म्हणजे डिस्कनं स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदीत, रिॲलॉक (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (संशयित) सेक्टरचे आकडे असतात. माझे आकडे आठवड्याला वाढत होते, म्हटल्यावर विषय संपला. तसली १.८ इंची जुनी डिस्क सेकंडहँड आणून बसवू नका, तीही तेवढीच म्हातारी असणार.

मी आयफ्लॅश सोलो अ‍ॅडॅप्टर घेतला, म्हणजे डिस्कच्या जागी एसडी कार्ड बसवायची छोटी पाटी; डिस्कच्याच झिफ पट्टीला (चपट्या केबलला) लागतो, सोल्डरिंग काही नाही. उघडताना प्लास्टिकच्या पातळ पट्टीनं बाजूबाजूनं क्लिपा सोडवत जायचं आणि पाठ एकदम ओढायची नाही, कारण बॅटरीची आणि हेडफोन जॅकची अशा दोन पट्ट्या पाठीला जोडलेल्या असतात. बॅटरीच्या कनेक्टरची कडी नखानं हळूच वर उचलायची, ती तुटली तर सगळंच अवघड होऊन बसतं. पूर्ण कामात माझे हात थरथरले ते फक्त तिथं.

माझं नुकसान झालं ते कार्डात. पहिलं कार्ड स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं, वर २५६ लिहिलेलं, एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या कार्ड तपासायच्या प्रोग्रॅमनं तपासलं तर खरी जागा त्याच्या पाव पण नव्हती. दुकानदार परत घेईना. म्हणून हात जोडून सांगतो, कार्ड कुठूनही घ्या पण आधी पूर्ण भरून तपासा, मगच आयपॉड उघडा. दुसरं कार्ड मोठ्या आकाराचं, नेहमीचं एसडी घेतलं, ते पहिल्याच रीस्टोरला, म्हणजे आयपॉड कोरा करून पुन्हा तयार करताना, लागलं. २००७-०८ च्या आयपॉड क्लासिकवाल्यांनी मात्र १२८ जीबीच्या वर जायच्या आधी चौकशी करा, त्या बोर्डांना मूळ फर्मवेअरमध्ये (ॲपलच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) तिथं मर्यादा आहे. आमच्या जुन्या मॉडेलला तो प्रश्न नाही.

आता खरा फरक. हार्डडिस्कवाला आयपॉड गाणं आधी रॅममध्ये भरून घेतो आणि डिस्क झोपवतो, माझ्यात ६४ एमबी रॅम आहे. पाच मिनिटांची एमपीथ्री असतील तर एकदा फिरून बराच वेळ पुरतं. पण आपलं ऐकणं तसं नाही, पाऊण तासाचा ख्याल फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गाळणाऱ्या फाइलमध्ये) दोनशे एमबीच्या आसपास जातो, म्हणजे एकाच रागात डिस्क पुन्हा पुन्हा उठायची, बॅटरी खायची आणि हातात कुर्र जाणवायचं. सांगली-सातारा एसटीत पेठनाक्यापर्यंत गचके बसायचे तेव्हा आता डिस्क फिरत असेल का या विचारानं गाण्यात लक्ष लागायचं नाही. ते सगळं गेलं. गाणं दाबलं की लगेच सुरू होतं, विलंबित संपेपर्यंत मध्ये काही नाही, आणि हा आनंद मला फोननं कधी दिला नाही कारण फोनवर दर दहा मिनिटांनी कुणीतरी असतंच.

डिस्क निघाल्यावर आत जागा उरते, तिथं ३००० एमएएचची बॅटरी घातली. रोज साधारण दोन तास ऐकतो, दहा-बारा दिवसांनी चार्जिंगला लावतो, आधी एका दिवसात मान टाकायचा. ३० जीबीच्या पातळ मॉडेलला एवढी बॅटरी बसत नाही, जाड पाठ वेगळी घ्यावी लागते. रॉकबॉक्स, म्हणजे ॲपलच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकायचं फुकट सॉफ्टवेअर, वापरत असाल तर सेटिंगमध्ये बॅटरीची कपॅसिटी बदला, नाहीतर टक्के चुकीचे दाखवतो. रॉकबॉक्स मी फ्लॅकसाठी टाकलं आणि डेटाबेसच्या भानगडीत न पडता सरळ फोल्डर लावलेत, गवई, मग राग, मग साल. नावं इंग्रजी अक्षरांत ठेवलीत.

आवाज बदलला का असं दोघातिघांनी विचारलं. नाही, डीएसी, म्हणजे फाइलचा आवाज करणारी चिप, तोच वुल्फसन कंपनीचा, तो आधीही गोड होता.

शनिवारी घरी गेलो की अण्णा आयपॉड स्पीकरला लावून मागतात. डोळ्यांनी कमी दिसतं, पण चाकावर अंगठा फिरवून त्यांचं फोल्डर ते बरोबर काढतात. हेडफोन जॅक मात्र अधूनमधून डाव्या बाजूला खरखरतो, तो जुनाच आहे. ती पट्टी मागवली आहे, गणपतीच्या सुट्टीत पुन्हा एकदा उघडणार.